राखणदारांची पंगत

रोमचं साम्राज्य कसं बुडालं हे मी खालापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात वीस-बावीस वर्षं शिकवलं. मला स्वतःला ते कळलं आमच्या खळ्यावर, आणि तेही उशिरा.

आमचं गाव पाताळगंगेच्या काठचं. भाताशिवाय दुसरं पीक नाही आणि डोंगर अगदी पाठीला लागून. कणसात दाणा भरू लागला की रानडुकरं खाली उतरायची आणि उभं शेत लोळवून जायची. त्यासाठी राखणीची पाळी असे. प्रत्येक घरातला एक पुरुष शेतातल्या माळ्यावर, म्हणजे चार खांबांवर बांधलेल्या मचाणावर, गोफण घेऊन बसायचा. कापणी-झोडणी संपली की नव्या तांदळाचा पहिला भात खळ्यावरच शिजायचा आणि पहिली पंगत राखणदारांची असायची. त्यांनी घास घेतल्याशिवाय गावातला मोठ्यातला मोठा माणूसही पानावर बसत नसे. माझे वडील त्या पंगतीत मांडी घालून बसायचे तेव्हा नवरदेवाहून ऐटीत दिसायचे.

पुढे रसायनीला कारखाने आले. घरोघरची तरणी मुलं पाळीवर जाऊ लागली, पण ती कारखान्याच्या. माळ्यावर कोण बसणार? मग डोंगरातल्या वाडीतून ठाकर आदिवासींना बोलावलं. डुकराची चाहूल त्यांना आमच्या आधी लागायची. शेतं वाचली, गाव निर्धास्त झालं. पंगत मात्र अडली. रीतीप्रमाणे पहिला मान राखणदारांचा, आणि राखणदार तर आता ठाकर. पहिल्याच वर्षी त्यांच्या पत्रावळी खळ्याबाहेर बांधावर मांडल्या गेल्या, तेही आम्ही जेवून उठल्यावर. ठरवलं कुणीच नाही, झालं मात्र सगळ्यांच्या देखत. त्यांना वाढायला मीच गेलो होतो. दोन वेळा आग्रह केला आणि आपण किती मोठ्या मनाचे, असं वाटून घरी आलो.

आमच्या शेताच्या राखणदाराची मुलगी माझ्याच वर्गात, नववीत होती. त्या वाडीतून हायस्कुलापर्यंत पोचलेली ती पहिलीच. बोलायची कमी, पण ऐकताना तिची नजर हलत नसे.

रोमच्या ऱ्हासाचा धडा मी रंगवून शिकवायचो. रोमन लोकांना सुखाची सवय झाली, त्यांची मुलं सरहद्दीवर जाईनाशी झाली. मग ज्यांना ते रानटी म्हणत त्यांनाच पहाऱ्याला ठेवलं. मागून हूण आले म्हणून गॉथ लोक डॅन्यूब नदीवर येऊन आसरा मागू लागले. रोमनं त्यांना अलीकडे घेतलं, आपल्या फौजेला माणसं मिळतील या हिशेबानं. पण अधिकाऱ्यांनी त्यांना उपाशी ठेवलं. कुत्र्याच्या मांसाच्या बदल्यात त्यांची पोटची पोरं गुलाम म्हणून घेतली. शेवटी ते उठले, आणि त्या लढाईत खुद्द सम्राट मारला गेला. ‘रानटी टोळ्या’ हा शब्द आला तशी मागच्या बाकावरची मुलं त्या मुलीकडे बघून फिदीफिदी हसली. मी टेबलावर डस्टर आपटलं आणि धडा पुढे नेला. माझं काम झालं, असं मला वाटलं.

सहामाहीला प्रश्न घातला, रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे लिहा. सगळ्यांनी पुस्तकातली पाच कारणं घोकून लिहिली. तिनं एकच ओळ लिहिली होती. ‘त्यांना राखणीला बसवलं, पण पंगतीला बसवलं नाही.’

मी ती ओळ दोनदा वाचली. मग लाल पेन्सिलीनं तिच्यावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘पुस्तकाप्रमाणे लिहा.’ शून्य दिलं. आज हे लिहितानाही माझी मला लाज वाटते.

ओळ खोडली तरी डोक्यातून जाईना. त्या वर्षी झोडणी झाल्यावर मी वडिलांना म्हणालो, “बाबा, यंदा राखणदारांना खळ्यावर बसवू या. पहिल्या पंगतीला.”

“तू शाळंत शिकीव रं,” वडील म्हणाले. “गावाला नको शिकवू.”

वडील वाईट नव्हते. वाडीत कुणी आजारी पडलं तर ते स्वतः बैलगाडी जुंपत. पण चार लोकांदेखत रीत मोडायची त्यांची छाती नव्हती, आणि त्यांच्यासमोर बोलायची माझी नव्हती. पत्रावळी बांधावर मांडल्या. तिचा बाप आला, त्यानं पत्रावळीकडे बघितलं, गोफण खळ्याच्या कडेला नीट गुंडाळून ठेवली आणि डोंगराच्या वाटेला लागला. त्याच्यामागून बाकीचे सगळे गेले. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती मुलगी शाळेत आली नाही, आणि मी चौकशीलाही गेलो नाही.

पुढच्या वर्षी वाडीतून कुणी उतरलं नाही. कारखान्यातली मुलं दोन दिवस माळ्यावर बसली आणि तिसऱ्या दिवशी ड्युटीवर गेली. मग सत्तरीतले माझे वडील गोफण घेऊन स्वतः चढले, पण त्यांच्या हातात जोर राहिला नव्हता. एके सकाळी जाऊन बघतो तो सगळं शेत चिखलात लोळलेलं आणि वडील बांधावर बसलेले, पत्रावळी मांडायचो त्याच जागी.

“त्यास्नी बोलव जा,” ते म्हणाले. “म्हणावं, खळ्यात बसा. पयल्या पंगतीला बसा.”

मी वाडीवर पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि तिचा बाप भावांबरोबर जेवायला बसत होता. मला बघून तो सरकला आणि मला मधोमध बसवलं. मुलीनं पहिली भाकरी माझ्या पानात वाढली. मी मान खाली घालून जेवलो. हात धुतल्यावर वडिलांचा निरोप सांगितला.

“आता नाय, मास्तर,” तो शांतपणे म्हणाला. “आमी नाय येनार.”

“निदान पोरीला तरी शाळेत पाठवा. हुशार आहे.”

तो उठून आत गेला आणि घडी घातलेला एक कागद घेऊन आला. तिचा सहामाहीचा पेपर होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण लाल रेघ दिसत होती. त्यानं त्या रेघेवर बोट ठेवलं.

“ही सांगते काय लिवलंय ते. हे खोटं हाय काय?”

“नाही,” मी म्हणालो. “खरं आहे.”

“मंग खोडलं कशापायी?”

मुलगी दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, वर्गात बघायची तशीच. पुस्तकात नव्हतं म्हणून खोडलं, एवढंच उत्तर माझ्याजवळ होतं, आणि त्यांच्या घरचं जेवून ते द्यायला माझी जीभ उचलली नाही.