डावखुरा दस्ता

ईरा, निषाद, आधी उजव्या हाताची करंगळी समोर धरा. आपल्याला ती फारशी उपयोगाची वाटत नाही. पलीकडचे आजोबा मात्र तिच्यावर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवायचे. बंदूक हातात घेतली की ते प्रथम तिचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा लोखंडी दांडा, मागे ओढत, काडतूस बसतं त्या भोकात डोकावून बघत, आणि मग भोकाच्या तोंडावरून करंगळीचं टोक फिरवत. मग म्हणत, "आता रिकामी." मिनिटभरापूर्वी त्यांनीच ती बघून खाली ठेवलेली असली, तरी पुन्हा तेच.

कुणी हसून म्हणालं, "अहो, रिकामीच आहे," की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "बघितल्याशिवाय रिकामी नाही."

हे आत्ता लिहायचं कारण तू आहेस, ईरा. गेल्या रविवारी तू फोनवर सांगितलंस की शाळेच्या नेमबाजीच्या गटात तुझं नाव लागलं आहे, आणि मैत्रिणीचे बाबा त्यांच्या गॅरेजमध्ये स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. मग विचारलंस, "आजी, त्या दसऱ्याला तू पलीकडच्या आजोबांना सगळ्यांसमोर का बोललीस?" याचं उत्तर फोनवर मावणारं नाही. म्हणून शांतपणे, क्रमाने लिहिते. निषाद, तुला अक्षर लागलं नाही तर आई वाचून दाखवेल. आजोबांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या घरात बंदूक आहे याचा गाजावाजा त्यांना कधीच आवडला नाही.

आपल्या मुलुंडच्या इमारतीत आमचा जिना एक आणि दारं समोरासमोर. आजोबा हायवेकडच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. कारखाना गेला, तिथे आता काचेचा टॉवर आहे. लग्नाआधीपासून ते रायफल क्लबात जात. परवान्याची एक साधी लहान बोअरची, म्हणजे बारीक नळीची, रायफल त्यांच्याकडे होती. नेमबाजीची, शिकारीची नव्हे. त्यांनी आयुष्यात कागदाखेरीज कशालाही गोळी मारली नाही.

पलीकडच्या आजींनी रायफलीला जुन्या साडीची, आत कापूस भरलेली गवसणी शिवली होती. त्यामुळे खांद्यावर तंबोरा नेल्यासारखं दिसे. एकदा नवा वॉचमन आदराने म्हणाला, "काका, आज प्रोग्राम कुठे?"

"वरळीला."

"गाणार कोण?"

"गाणं नाही रे. नुसता ठेका."

आजी तिला सवत म्हणत. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना आपली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आजोबा गवसणी खांद्याला लावून निघाले की आजी दारातून मला हाक मारत, "बाई, बघा हो, निवडणूक आली, सवत माहेरी चालली!" मी शाळेत शिकवायची म्हणून सगळी इमारत मला बाईच म्हणते. निकाल लागला की सवत परत येई, आणि ठाण्याच्या गोदामात गवसणीला लागलेली धूळ आजीच झटकत.

रविवारी त्यांच्याकडे क्लबातले दोघे-तिघे चहाला जमत. मग आमच्या दारापर्यंत एकच विषय ऐकू येई. कुणी कुठल्या लाकडाचा दस्ता करून घेतला, चाप किती हलका हवा, कुणाची नळी कुठल्या काडतुसाला मानवते. दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकतो आणि ज्यावर गाल ठेवतात. त्यांच्यात जहाजावरून निवृत्त झालेले एक कॅप्टन होते. त्यांचा भाऊ अमेरिकेत. तोही तुझ्या मैत्रिणीच्या बाबांसारखा काडतुसं घरी भरणारा.

"अरे, काय नेम बसतो त्याचा!" कॅप्टन सांगत. "दुकानातली चकली आणि घरची चकली, फरक असणारच ना यार!"

"चकली बिघडली तर तेलात फुटते," आजोबा म्हणाले. "ही गालाशी फुटते."

आपल्याकडे घरी काडतुसं भरता येत नाहीत, आणि नाही तेच बरं, असं ते म्हणत. पण कान तिकडेच असे. दारू तोलायचा काटा सोनाराच्या काट्याहून नाजूक असतो का, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग एकदम म्हणाले, "भरताना भाऊ दुसरं काय करतो?"

"काही नाही. रेडिओ लावलेला असतो."

"मग त्याच्या शेजारी उभा राहू नकोस तू."

सगळे हसले. ते हसले नाहीत. या छंदात हात कमी लागतो आणि लक्ष जास्त, असं त्यांचं मत होतं. लक्ष उडालं की माणूस तेवढ्यापुरता तिथे नसतो, आणि बंदूक मात्र तिथेच असते.

आता तुमच्या आईकडे येते. माझी मुग्धा सातवीत असताना आजोबांबरोबर क्लबात जाऊ लागली. तिथल्या शिक्षकाने तिला सांगितलं, डावरी असलीस तरी उजव्या खांद्याने शिक, सगळे दस्ते उजवेच असतात. पोरगी रडवेली होऊन घरी आली. आजोबांनी ऐकून घेतलं आणि मला बोलावलं. "बाई, शिंप्याची टेप आहे? हिचं माप घ्या. कोपर दुमडून, कोपराच्या आतून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत." दुसऱ्याच्या मुलीला ते स्वतः हात लावत नसत. माप मी घेतलं, त्यांनी पाठ केलं.

मग अक्रोडाचा एक ठोकळा आला आणि त्यांच्या बाल्कनीत महिनोन्‌महिने भुसा पडत राहिला. आजी कपडे वाळत घालताना करवादत, "माझ्या परकरांना अक्रोडाची फोडणी!" मुग्धाने गाल टेकवून बघायचा, ते पेन्सिलीने खूण करायचे, कानसीने चार वेळा घासायचे, पुन्हा गाल. "बंदूक माणसाला बसली पाहिजे, मुग्धा. माणसाने बंदुकीला बसायचं नाही." शेवटी जवसाचं तेल चोळून तो दस्ता तयार झाला. गालाचा उंचवटा उजव्या अंगाला, डावऱ्या माणसाला हवा तसा. रायफलीचं लोखंड तेच. स्वतःला सराव करायचा असला की ते दोन स्क्रू काढून आपला उजवा दस्ता चढवत, मुग्धाला हवी असली की तिचा.

मुलगी वाढत होती. हात लांब झाला की दस्त्याच्या टोकाला ते लाकडाची एक पातळ पट्टी जोडत. एक पट्टी आठवीतली, एक दहावीतली, एक कॉलेजची. प्रत्येकीचा रंग थोडा वेगळा. लोक मुलांची उंची दाराच्या चौकटीवर लिहून ठेवतात, आमच्याकडे ती तिथे वाढली. पुढे मुग्धा शिकायला परदेशी गेली, तिथलीच झाली, आणि डावा दस्ता माळ्यावर गेला.

काही वर्षं गेली. एका दुपारी आजोबा आमच्याकडे आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "बाई, मी काल भाजी घेऊन आलो आणि पिशवी लिफ्टमध्येच सोडली. परवा एटीएमपुढे उभा राहिलो, कशाला ते आठवेना."

मी म्हटलं, "वय झालं. माझंही होतं तसं."

"तुमच्या घरात रायफल नाही." मग खाली बसले. "एक काम सांगतो. ज्या दिवशी मी बोल्ट उघडून न बघता ती कुणाच्या हातात देईन, त्या दिवशी मला सांगायचं. मी ती त्याच दिवशी सोडणार."

"वहिनींना सांगा ना."

"ती मला सांभाळून घेईल. म्हणेल, रिकामीच तर होती. तुम्ही मुलांना अर्ध्या मार्काचीही सूट देत नव्हता."

मी हो म्हटलं. काय कबूल करते आहे ते मला कळत होतं. क्लब सुटला, मित्र पांगले, कॅप्टन पुण्याला मुलाकडे गेले. त्या माणसाकडे रोज सकाळी उठून करण्यासारखं ते एकच काम उरलं होतं: पुसायची, तेल द्यायचं, बघायचं. तेच मला एक दिवस काढून घ्यावं लागणार होतं. त्यानंतर ते रायफल बाहेर काढत तेव्हा मी काही ना काही निमित्ताने समोर जाऊन बसे आणि बोल्ट मागे सरकल्याचा आवाज आला की मनात हुश्श करी.

त्या वर्षी तुम्ही दोघं आईबरोबर दसऱ्याला आलात. ईरा, आल्या दिवशी तू डाव्या हाताने चमचा धरलास आणि आजोबा जेवताजेवता थांबले. "आईवर गेली!" दुसऱ्या दिवशी मला निरोप, टेप घेऊन या. मी तुझं माप घेतलं. त्यांनी माळ्यावरून दस्ता काढला, कॉलेजची पट्टी सोडवली, दहावीची सोडवली, आठवीचीही सोडवली. तुझ्या आईच्या सातवीतल्या मापापर्यंत दस्ता मागे आला, तरी तुला बोटभर लांबच. "येईल," ते म्हणाले, "पोरगी येईल मापात."

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, त्यांच्या घरी शस्त्रपूजेसाठी पाटावर रायफल ठेवली होती, डावा दस्ता चढवून. झेंडूची माळ, शेजारी आजीची विळी, कात्री आणि माझ्या हट्टाने माझं फाउंटन पेन. पूजा झाली. खोलीत शेजारपाजारची माणसं, ताटलीत पेढे. आजोबांनी माळ काढली, रायफल उचलली. "ये ईरा, गाल टेकव. मापात बसतेय का बघू." आणि ती तुझ्या हातात दिली.

बोल्ट बंद होता.

त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा उजळलेला पाहिला नव्हता. तू गाल टेकवलास. तुझी आई मोबाइलवर फोटो घेत होती. काडतुसं वेगळ्या कपाटात होती आणि किल्ली आजींच्या कमरेला. रायफल रिकामीच असणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही. मी गप्प बसले असते तर कुणालाच काही कळलं नसतं.

मी म्हटलं, "तुम्ही बघितलं नाहीत."

मोठ्याने म्हटलं असणार, कारण सगळे थांबले. तू ते रागावणं समजलीस. ते तसं नव्हतं. पण हळू आवाजात म्हणायचं धैर्य मला झालं नसतं.

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे. तुझ्याकडून त्यांनी रायफल हळूच परत घेतली, तोंड भिंतीकडे केलं, बोल्ट ओढला, डोकावले, करंगळी फिरवली.

"रिकामी आहे," ते म्हणाले.

पलीकडच्या आजी माझ्यावर भडकल्या. "होती ना रिकामी? मग? सणासुदीला चार लोकांत बोलायचं काय कारण होतं, बाई?"

"बाईंना बोलू नकोस," आजोबा म्हणाले. "मीच सांगून ठेवलं होतं." मग तुझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी तुला पेढा दिला. पेढा तुला आठवत असेल.

त्या दिवशी सोडायची म्हणाले होते, आणि सोडली. संध्याकाळी त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं. निघण्याआधी दोन स्क्रू काढून डावा दस्ता उतरवला आणि उजवा, मूळचा, चढवला. आजींनी गवसणीच्या नाड्या बांधल्या. या वेळी सवतीबद्दल काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "गवसणी परत आणा."

पोलीस ठाण्यातल्या तरुण अधिकाऱ्याने सवयीने विचारलं, "काका, निवडणूक कुठे आहे आता?"

"निवडणूक नाही. कायमची. परवानाही रद्द करायचा आहे." त्यांनी बोल्ट उघडला, बघितलं, करंगळी फिरवली आणि रायफल उघड्या बोल्टनेच पुढे केली. "साहेब, तुम्हीही बघा."

"अहो, तुम्ही आत्ताच बघितलंत की."

"माझ्या बघण्याचं आता काही सांगता येत नाही. तुम्ही बघा."

त्याने बघितलं. मग आजोबांनी कापडात गुंडाळलेला डावा दस्ता टेबलावर ठेवला आणि हा घरी ठेवायला कायद्याची हरकत आहे का, असं विचारलं. विचारल्याशिवाय तो परत नेणं त्यांना जमलं नसतं. अधिकारी आत जाऊन वरिष्ठांशी बोलून आला. "नुसतं लाकूड आहे, काका. बॅट समजा आणि न्या घरी."

रिक्षात बसल्यावर त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला. "मुग्धाचा आहे. ईराला होईल." टोल नाका आला. मग म्हणाले, "बाई, बरं केलंत." एवढंच.

आजी माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चकल्यांचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. "घरच्या आहेत," म्हणाल्या. दोघींनाही कॅप्टन आठवले, आणि दोघींनाही हसता आलं नाही.

पुढे आजोबांचं विसरणं वाढत गेलं. आधी माझं नाव गेलं, मग मजला, मग आजी कोण ते. करंगळी मात्र विसरली नाही. चहा पिऊन झाला की ते कपात डोकावत, काठावरून करंगळीचं टोक फिरवत आणि मगच कप आजींच्या हातात देत. "रिकामा," असं सांगत. आजी म्हणत, "हो, बघितला ना तुम्ही?" आणि कप घेत. गेल्या पावसाळ्यात ते गेले. आजी अजून समोरच राहतात. सकाळच्या चहाला मी त्यांच्याकडे जाते.

ईरा, तू नेमबाजी शिकावीस की नाही, हे तुझ्या आईने ठरवावं. त्या गॅरेजमध्ये गेलीस तर कुणी काहीही सांगो, बघितल्याशिवाय रिकामी म्हणू नकोस.

रायफल सरकारजमा आहे. गवसणीत आता आजींची इस्त्रीची फळी असते. दस्ता माझ्या कपाटात आहे, तेल देऊन ठेवलेला. सोडवलेल्या तिन्ही पट्ट्या शेजारी आहेत, आणि त्यांचे स्क्रूही.