बोटीवरचं कुंकू
थिनरचा वास आला की अजून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ह्यांना गार्डन रीचला बोटींच्या कारखान्यात नुकतीच नोकरी लागली होती, आणि खंडेनवमीला आपल्यात हत्यारं पुजतात म्हणून मी बाळाला कडेवर घेऊन तिथंच गेले, तर फायबरची बोट पालथी घातलेली, पॉलिश पेपरनं घासून पुसून रंगासाठी तयार, दुधासारखी दिसत होती, मला काय कळतंय, मी तेलात कालवलेल्या कुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं तिच्यावर! तिथला बंगाली मिस्त्री, त्यांच्यात वहिनीला बौदी म्हणतात, केवढ्यानं ओरडला, "अरे बौदी, ये तो तेल है! अब रंग पकडेगा क्या? किसने बोला लगाने को?" बाळ दचकून रडायला लागलं, मला वाटलं गेली ह्यांची नोकरी. तेवढ्यात हे म्हणाले, "मैंने बोला था." खोटं ओळखून सगळे कामगार हसले. मग हे थिनरच्या चिंधीनं पुसत बसले, परत घासायला लागले, अंगभर फायबरची पांढरी धूळ, हात खाजून खाजून लाल, आणि मी बाजूला बाळाला थोपटत उभी. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "अगं, कोरडं चाललं असतं." अजून दर खंडेनवमीला मी कुंकू कोरडंच वाहते, आणि तेवढा वेळ ह्यांच्याकडे बघत नाही.