माळ्यावरची म्हैस

माझं शिक्षण चौथी. चौथीला दोनदा बसलो, तेव्हा पाचवी धरायलाही हरकत नाही. एवढ्या शिदोरीवर म्हातारपणी मला गाणं लिहिल्याचा मान मिळाला. महाडातल्या एका हॉलात शे-दीडशे पोरं हात वर करून माझं वाक्य ओरडत होती. वाक्य असं : काय नाय तिकडं, गप पड.

हे मी बायकोला म्हटलं होतं. ती जायच्या आठ दिवस आधी.

आमचं गाव पोलादपुरातून उमरठच्या बाजूला. घरात मी, ती आणि एक म्हैस. म्हैस तिनं पारडी असल्यापासून वाढवलेली, त्यामुळे घरात मान म्हशीला आधी, मला नंतर. बायकोशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. बायको अंथरुणाला लागली आणि मला दोन लाथा बसल्या, तेव्हा शिवथरच्या एकाला मी म्हैस विकून टाकली. आमच्यात जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं देत नाहीत, गोठ्याची बरकत जाते म्हणतात. रिकाम्या गोठ्यात कसली बरकत राहणार होती देव जाणे, पण दावं ठेवून घेतलं आणि माळ्यावर पेंढ्याच्या मागे खुपसलं. बायकोला सांगितलं, म्हैस भावाच्या गोठ्यात बांधलीय, तू उठलीस की आणू. तिनं नुसती मान हलवली. पन्नास वर्षांत माझं एवढं निमूट तिनं कधी ऐकलं नव्हतं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पुढे ताप तिच्या डोक्यात गेला. दुपारी पडल्या पडल्या वर बघायची आणि म्हणायची, म्हस माळ्यावर हाय. नात मुंबईहून सेवेला आली होती. ती कॉलेजात शिकणारी, म्हणून आजीला शांतपणे विचारायची, म्हैस काय करतेय, रवंथ करतेय का. दोघी मिळून म्हशीची चौकशी करायच्या. मला मात्र माळ्याचं नाव निघालं की घाम फुटायचा. एकदा भडकलो, ते वाक्य बोललो आणि अंगणात निघून गेलो. त्यानंतर आमचं धड बोलणंच झालं नाही.

ती गेली. माझं खोटं खरं मानून गेली की मला खोटारडा समजून गेली, एवढंच मला कळायचं होतं, आणि ते सांगायला आता कुणी नव्हतं. पिंडाला कावळा पहिल्या हाकेला शिवला. लोक म्हणाले, काही इच्छा राहिली नाही. कावळ्याचं काय जातं शिवायला.

वर्षश्राद्धाला नात आली ती गाणं करायचं डोक्यात घेऊन. कॉलेजात म्हणे एक परदेशी सिनेमा बघितला, माझ्या बापाच्या वेळचा, मुका, काळापांढरा. मलाही मोबाइलवर दाखवला. एक बाई कपाट उघडते, आत समुद्र. एक माणूस टोपी काढतो, खाली डोक्याच्या जागी दिवा. मग तो दिवा घेऊन शिडी चढायला लागतो, आणि शिडी त्या समुद्रात उभी.

“पुढं काय होतं?” मी विचारलं.

“काही होत नाही, आबा. स्वप्नासारखं आहे. अर्थ विचारायचा नसतो.”

“मंग तुझी आजी घरबसल्या दाखवत होती, तो शिनेमा काय वाईट होता?”

“तेच तर,” ती म्हणाली. “बघताना मला आजीच आठवली.”

आजीचं बोलणं तिनं मोबाइलात धरून ठेवलं होतं. त्यात मीही सापडलो होतो. तुझं ते वाक्य गाण्यात घेऊ का, असं तिनं विचारलं. म्हटलं घे, माझ्या काही उपयोगाचं नाही आता.

पुढे काही महिन्यांनी तिच्या गाण्याचा कार्यक्रम ठरला, रविवारी दुपारी चारला, चवदार तळ्यापासून जवळच. सोबतीला शेजारचा म्हातारा घेतला. तो दोन्ही कानांनी बहिरा, असल्या कार्यक्रमाला त्याच्याइतका लायक माणूस तालुक्यात नाही. एसटीत त्यानं विचारलं, भजन हाय का. मी मान डोलावली.

या प्रकाराला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. गिटारी तीन आणि एक ढोलवाला, तोही ढोलांवर जुनं वैर असल्यासारखा धावून जात होता. शिमग्याला आमच्याकडे ढोल बडवतात तो निदान पालखी नाचवायला. मागच्या पडद्यावर समुद्र, शिडी, दिवा, आणि नात माइकात तोंड घालून ओरडत होती की माळ्यावर म्हैस, म्हशीला दावं नाही, पेंढा खाल्ला, कौलं खाल्ली, आता आभाळाला तोंड लावलंय. मग सगळं एकदम थांबलं आणि हॉलभर माझा आवाज आला. पोरांनी गाणं आधीच मोबाइलवर ऐकलेलं, ती त्याचीच वाट बघत होती. काय नाय तिकडं, गप पड! चार वेळा. शेजाऱ्याच्या छातीत ढोल दणाणत होता, तो खूश. म्हणाला, बुवा बरा हाय.

आणि माझ्या आवाजामागून बायकोचा आवाज आला. “त्यांना...” एवढंच ऐकलं आणि ढोलवाल्यानं उडी घेतली. खाली ती बोलतेय, वर ढोल. मी उठून उभा राहिलो. मागची पोरं म्हणाली, आजोबा नाचतायत.

नंतर स्टँडासमोर चहा घेताना नातीला विचारलं, माझ्या वाक्यामागं तुझी आजी काय बोलली.

“गाण्यात आहे ना, आबा.”

“गाण्यात ढोल हाय. तो कमी कर.”

“तो मुद्दाम वाढवलाय तिथं.” तिनं कप खाली ठेवला. “आजीनं तुला सांगू नको म्हटलं होतं. आणि मला ते पुसून टाकवेना.”

“आण इकडं.”

तिनं मोबाइल कानाला लावून दिला. आधी पंख्याची घरघर, मग मी, मग माझ्या चपला. मग ती, अगदी शुद्धीत.

“त्यांना बोलू नको गो काय. म्हस इकलीय त्यांनी. दावं घेऊन शिडी चढले ते मी हितनं बघितलं. त्यांना वाटतंय मला ठाव नाय. मी म्हस म्हस करते, बघू कधी कबूल होतात.” आणि हसली.

नातीला म्हटलं, म्हणजे ताप डोक्यात गेलाच नव्हता? ती म्हणाली, थोडा गेला होता, थोडा नव्हता. शेजाऱ्यानं विचारलं, काय म्हणते पोरगी. कपाकडं बोट दाखवत मी म्हटलं, चहात साखर जास्त झाली म्हणते.

उजेड असतानाच घरी पोचलो. शिडी लावली. दावं होतं तिथंच होतं, एक टोक उंदरांनी कुरतडलेलं. ते खाली आणलं आणि तिची खाट असायची तिथं जमिनीवर बसलो.

“इकली गो,” म्हटलं. “शिवथरला हाय. परत व्यालीय. तिकडंबी लाथा मारते.”