येळवशीचा उंडा
आंबिलीचा लसूण-ओव्याचा आंबूस वास आला की मला ती येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा रानातला सण, आठवते. त्या साली मिरवणुकीवरून गावात हाणामारी झाली आणि गावानं आमच्या वस्तीला वाळीत टाकलं. किराणा बंद, गिरणीही बंद. पिठाविना रोज उकडलेल्या ज्वारीच्या घुगऱ्यांना लहान पोरं कंटाळली, तशी आईनं अडगळीतलं जातं बाहेर काढलं आणि वस्तीतल्या बाया आळीपाळीनं त्यावर दळू लागल्या. येळवशीला जळकोटच्या रस्त्याकडेच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यात आम्ही कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, घातली, डाळी-शेंगा-पालेभाज्यांची भज्जी शिजवली, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, उंडे, केले. आणि बांधावरून नेमका गिरणीवालाच निघाला. त्या दिवशी रानातून जाणाऱ्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तरी सगळ्यांनी माना फिरवल्या. आईनं मात्र हाक मारली, "भाऊ, जेवून जावा. येळवस हाय." तो घुटमळला. "गावानं बघितलं तर?" "बघू द्या की. त्यांनाबी बोलवा." तो मान खाली घालून बसला. आईनं त्याच्यापुढं उंडा ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "जात्यावरचं पीठ हाय, जरा भरड लागंल. गिरणी बंद हाय आमची." त्यानं दुसरा उंडा मागून घेतला. सकाळी वस्तीत त्याचा निरोप आला, दळण घेऊन या. आता मी बहिष्काराविरुद्ध पत्रकं लिहिते, सभांत बोलते, आणि प्रत्येक सभेत ताठ मानेनं सांगते, की ज्यानं आमचं पीठ बंद केलं, त्याला माझ्या आईनं पोटभर जेवू घातलं होतं.