संध्याकाळचा आकडा

हे सांगायचं मी चार वर्षं टाळत आलो. माणिक जाधव गेला त्याला आता दीड महिना होईल. सकाळी त्याच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मला आधी दुःख झालं नाही, आधी सुटल्यासारखं वाटलं. ज्याला सांगायचं तोच उरला नाही, म्हणजे आता सांगायला नको... शोकसभेत मी अर्धा तास बोललो. मित्र असावा तर असा, असं लोक म्हणाले. ते ऐकून घरी आलो आणि चार दिवस जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

भालकी तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत मी मुख्याध्यापक होतो आणि माणिक गणिताचा मास्तर. आवाज असा की भिंतीपलीकडच्या कन्नड शाळेतली मुलं मराठीतले पाढे म्हणत घरी जायची. तिथल्या मास्तरांनी तक्रार केली, तर माणिक म्हणाला, "त्यास्नी म्हणावं, फी तर मागायलो न्हाई ना?" मला तो कधी नावानं हाक मारत नसे. हेडमास्तर म्हणायचा, आणि त्यात आदर कमी, टोमणा जास्त. तपासणीच्या दिवशी मी गैरहजर मुलांना हजर लावायचो, तेव्हा मागून पटात डोकावून म्हणायचा, "हेडमास्तर, तुझ्या शाळंत मेलेलं पोरगंबी हजर असतंय." आम्ही दोघंही हसायचो.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो बिदरच्या एका दवाखान्यात सोळा दिवस होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाटांवरची माणसं त्याच्या डोळ्यांदेखत गेली. मला फोन करायचा, "मला हितनं काढ. न्हाईतर मी चालत निघतो बघ." डॉक्टर तरुण होता, कन्नड. अजून आठवडाभर ठेवू म्हणत होता. मी त्याला कन्नडमध्ये समजावलं, तीस वर्षं शाळा चालवली आहे, एका पेशंटकडं बघणं मला जड नाही, रोज संध्याकाळी ऑक्सिजनचा आकडा तुम्हाला फोनवर सांगेन. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही आहात म्हणून सोडतो. ब्याण्णवच्या खाली आला तर फोनसुद्धा करू नका, सरळ घेऊन या." त्यातलं पहिलं वाक्य मला इतकं आवडलं की दुसरं मी नीट मनावरच घेतलं नाही.

माणिकची बायको, सुमनवहिनी, लातूरकडच्या. इतकी वर्षं इकडं काढली तरी कन्नड त्यांना ना बोलता आलं, ना कळलं. बोटाला लावायचं ते यंत्र सकाळी त्या लावायच्या, संध्याकाळी मी. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला बोलावून घेतलं. "भावजी, एकोणनव्वद दावायलंय. नखंबी निळी दिसायल्यात. गाडी बोलवू का?" मी लावून बघितलं, नव्वद. आणि मला माणिक दिसलाच नाही, डॉक्टरचा चेहरा दिसला. "बोट गार असलं की आकडा कमी येतो, वहिनी," मी म्हणालो, "ऊब द्या." बोट गार असलं की तसं होतंही, त्यामुळं ते म्हणणं सोपं गेलं. वहिनी दिवसभर तव्यावर फडकं तापवून त्याची बोटं शेकत बसल्या. संध्याकाळी आकडा पुन्हा एकोणनव्वद. मी अंगणात गेलो, डॉक्टरला फोन लावला आणि चौऱ्याण्णव सांगितलं. जीभ अडखळली नाही, हाताला तीस वर्षांची सवय होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौऱ्याण्णव. तिसऱ्या दिवशी खरं वाटावं म्हणून त्र्याण्णव. आत माणिक विचारत होता, "कामून धाप लागायली रे एवढी?" मी म्हणालो, "अशक्तपणा हाय. जाईल."

त्यानंतरच्या सकाळी वहिनींनी मला विचारलंच नाही. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून त्याला बिदरला घेऊन गेल्या. मी मागून पोचलो तेव्हा त्याला पुन्हा भरती करून घेत होते. दारातल्या यंत्रावर चौऱ्याहत्तर होतं. डॉक्टर माझ्यावर तडकला, "मास्तर, कालपर्यंत त्र्याण्णव सांगत होतात. एका रात्रीत हे कसं झालं?" मी कन्नडमध्ये म्हणालो, "बाईंना यंत्र नीट लावता येत नाही. त्यांनी दिले ते आकडे मी सांगितले." वहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मी त्यांच्यासाठी रदबदली करतो आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी मान डोलावली आणि डॉक्टरला हात जोडले. डॉक्टरनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

माणिक वाचला, पण छाती कामातून गेली. तीन दिवस आधी आणलं असतं तर एवढं झालं नसतं, घरचे आकडे चुकीचे होते, हे डॉक्टरनं त्यालाच सांगितलं. त्याला कन्नड चांगलं कळायचं. मग घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळी आली, आणि दर हिवाळ्यात पुन्हा तोच दवाखाना. पाढ्यांचा आवाज गेला. उरला होता तेवढा त्यानं बायकोवर खर्च केला. कुणी भेटायला आलं की, "गणिताच्या मास्तराची बायको... आन् हिला दोन आकडे वाचता येईनात." पाहुणे हसायचे. वहिनी पाण्याचे पेले गोळा करून आत जायच्या. मीही हसलो आहे. एकदा स्वयंपाकघरात त्यांनी मला हळूच विचारलं, "भावजी, मी खरंच नीट लावलं न्हवतं का?" मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी, झालं ते झालं." त्यांनी त्याचा अर्थ हो असाच घेतला. त्यांनी तो तसा घ्यावा, अशीच माझीही इच्छा होती.

तो जायच्या आठवडाभर आधी मी ठरवूनच गेलो होतो, आज सांगायचं. त्यानं वहिनींना चहाच्या निमित्तानं आत पाठवलं. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला, दोन दोन शब्दांवर थांबत. "हेडमास्तर, एक काम कर... लई बोललो मी तिला. मी माफ केलंय म्हणून सांग तिला. माझ्या तोंडातनं निघत न्हाई." चहा घेऊन वहिनी आल्या. मी त्याला म्हणालो, "सांगतो."

आणि सांगितलंही. तेराव्याला सगळे पांगल्यावर वहिनी रिकाम्या खाटेजवळ बसल्या होत्या. "माझ्या हातनं गेले हो भावजी," एवढंच म्हणत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, माणिकनं तुम्हाला माफ केलं होतं. तसं मला सांगून गेला."  त्या खूप वेळ रडल्या, डोळे पुसले, उठल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करून माझ्या पायाशी वाकल्या. पाय मागं घ्यायला हवे होते, मी घेतले नाहीत. चूक तुमची नव्हती वहिनी, माझी होती, मला माफ करा... एवढं ओठापर्यंत आलं होतं.

मी म्हणालो, "सुखी राहा."