पांढऱ्या दिवसांचा तक्ता

आमच्या दवाखान्यात केसपेपर लोखंडी कपाटात राहतात आणि किस्से माझ्या डोक्यात. कपाट दर दिवाळीला आवरलं जातं, डोकं कोण आवरणार? चौदा वर्षं मी इथे मदतनीस आहे. यातलं काही माहेरी सांगता येत नाही, सासरी तर नाहीच नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

वाशीम जिल्ह्यात, मेडशीकडच्या एका गावात मिशनचा हा छोटा दवाखाना. मागच्या वर्षीपर्यंत तो सिस्टर चालवायच्या. केरळच्या, साठी उलटलेल्या. मराठी त्या पुस्तकातून नाही, पेशंटकडून शिकल्या, त्यामुळे बोलायच्या आमच्याहून पक्की वऱ्हाडी. त्यांच्या चर्चला गोळी चालत नाही, तांबी चालत नाही, निरोध नाही, ऑपरेशन तर नाहीच. मूल नको असेल तर बाईच्या अंगाचे दिवस ओळखायचे आणि नेमक्या दिवसांत नवरा-बायकोने लांब राहायचं. त्यासाठी सिस्टरचा एक तक्ता होता. पाळीच्या दिवसाला लाल रंग, बिनधोक दिवसाला हिरवा, आणि दिवस राहू शकतात तो दिवस पांढरा. गावात ख्रिस्ती घर एकही नाही, पण सिस्टर म्हणायच्या, अंग तं साऱ्याईचं सारखंच हाय. हा तक्ता बायकांना समजावणं माझं काम होतं.

*

पहिल्याच मीटिंगमध्ये एका बाईने विचारलं, "पांढऱ्या दिवशी लांब राहाचं, हे नवऱ्याले कोन सांगन?"

"तू सांग," सिस्टर म्हणाल्या.

"माहं कोन आयकते? तुमीच या ना घरी."

आणि सिस्टर खरंच गेल्या. मीही मागे मागे. नवरा बाजेवर बसला होता. सिस्टरने त्याच्यासमोर तक्ता पसरला आणि तासभर सगळं समजावलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "सिस्टर, तुमाले लेकरं किती?"

मी जमिनीकडे पाहू लागले. सिस्टर मात्र लगेच म्हणाल्या,

"एकबी नाही. पाह्य बरं, पद्धत किती पक्की हाय!"

*

आता माझं सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही बौद्ध. पोपचा नियम आम्हाला लागू नाही, पण नोकरी मिशनची. धाकटा झाला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, दोन पुरे. तो म्हणाला, तुझा तक्ता आहे ना? मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो मला न्यायला आपली रिक्षा काढायला गेला.

सरकारी दवाखान्यात जाऊन मी ऑपरेशन करून आले. सिस्टरला सांगितलं, आई आजारी आहे, आठ दिवस सुट्टी पाहिजे. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण सिस्टरचा चेहरा पडेल याची जास्त होती. मी त्यांची माणूस, त्यांचा तक्ता गावभर मिरवणारी. त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

परत आले तेव्हा सिस्टरचं वेगळंच सुरू होतं. पाण्याची बादली त्या स्वतः उचलायच्या, टाकीजवळ मला फिरकू द्यायच्या नाहीत. दोन महिने हेच. ईस्टरच्या आधी त्यांच्यात काही व्रत करतात, त्यातलंच असेल असं मला वाटलं.

*

कमल नावाची एक शेतकरीण होती. तिचा तक्ता इतका नीटनेटका की सिस्टरने भिंतीवर लावला. नवरा एकही पांढरा दिवस मोडत नाही, असं ती सांगायची. चौथ्या महिन्यात कमलला दिवस राहिले.

सिस्टरने तक्ता काढून टेबलावर ठेवला. बघतात तर पांढरे दिवस सारे सोमवार, चतुर्थी आणि एकादशी.

"हे काय वं कमल?"

"त्याईचे उपास असतात ना, सिस्टर. उपासाच्या दिवशी ते जवळबी येत नाहीत. तुमीच तं म्हनल्या, लांब राहाचे दिवस पांढरे करा."

"मंग हे कसं झालं?"

कमल पदर तोंडाला लावून म्हणाली, "उपास सुटते ना सिस्टर, दुसऱ्या दिवशी."

*

गावातली आशा वर्कर वंदनाताई दर गुरुवारी निरोध आणि गोळ्यांचा डबा घेऊन फिरायची आणि दुपारी जेवायला आमच्याकडे यायची. सिस्टर आणि ती एका ताटात भाकरी मोडायच्या आणि भांडायच्या.

एकदा सिस्टर म्हणाल्या, "वंदना, तुह्या डब्यानं नवरा-बायकोतलं प्रेम कमी होते."

"कमी कायचं होते, सिस्टर? प्रेम उतू जाऊन राह्यलं म्हनून तं डबा लागते."

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तरीबी नाही म्हंजे नाही."

*

एक प्रसंग मात्र नुसता हसून सांगता येत नाही. एक माणूस ऊसतोडीवरून चार महिन्यांनी घरी आला. बायको नेमाने तक्ता भरणारी, आणि त्या दिवशी रंग पांढरा. तो घरात चहाही न पिता, तक्ता हातात घेऊन दवाखान्यात आला.

"सिस्टर, याचा रंग बदलून द्या."

"रंग मी नाही देल्ला, बापू. चार दिवस थांब."

"परवा वापसीचा ट्रक हाय माहा. मुकादम थांबते काय?"

सिस्टरने तक्त्यावरचे दिवस बोटाने पुन्हा मोजले. शेवटी म्हणाल्या, "याचं मले पोपलेच इचारा लागन."

तो बिचारा मान हलवून गेला. तक्ता टेबलावरच राहिला.

*

मग एकदा वरच्या ऑफिसातून मोठ्या मदर पाहणीला आल्या. सगळं बघून झाल्यावर माझ्याकडे वळल्या, "तू बायकांना शिकवतेस. स्वतः करतेस का?"

"हो," मी म्हटलं. तेवढ्यात सिस्टर चहा बघायला आत गेल्या.

मदरने माझे तक्ते मागितले. ते मी महिन्याच्या शेवटी एकदम भरायची, पोरीच्या स्केचपेनने. हिरवा पेन भरपूर होता, लाल मध्येच संपला होता. मदरने पानं उलटली. सलग तीन महिने हिरवेगार, लाल ठिपका नाही. मी मनात म्हटलं, आता गेलो आपण. पण मदरने चष्मा आणला नव्हता. त्यांना हिरवं शेत पाहावं तसा आनंद झाला.

जाताना फाटकाशी माझा नवरा रिक्षा घेऊन उभा होता. मदरने त्यालाच गाठलं, "इतकी वर्षं संयम ठेवता, त्रास होत नाही?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मदरला हात जोडले.

"सवय झाली, मदर."

*

मागच्या वर्षी सिस्टरची केरळला बदली झाली. निघायच्या दिवशी त्या बॅग भरत होत्या आणि मी दारात उभी. सात वर्षं पोटात ठेवलेलं त्या दिवशी राहवेना. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं, सरकारी दवाखाना, ऑपरेशन, स्केचपेन, सगळं.

सिस्टर साडीची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुही माय बिमार हाय म्हनून तू सुट्टी घेतली होती."

"हो."

"तिसऱ्या दिवशी तुही माय अठी आलती. खोकल्याचं औषध न्याले. चांगली ठनठनीत. मले म्हने, शोभा कोठी गेली?"

माझं रडणं जागच्या जागी थांबलं.

"खोटं बोलाचं असलं तं पहिले मायले सांगून ठेवा लागते, शोभा."

"मंग तुमी सात वर्स मले काही बोलल्या काहून नाही?"

"तू इचारलं असतं तं मले नाही म्हना लागलं असतं," सिस्टर म्हणाल्या. "तू इचारलंच नाही."

बाहेर नवऱ्याने रिक्षाचा हॉर्न वाजवला. मी डोळे पुसले आणि त्यांची बॅग उचलायला वाकले. सिस्टरने झटकन माझ्या हातातून ती ओढून घेतली, त्या दोन महिन्यांत पाण्याची बादली घ्यायच्या तशी.

"राहू दे. जड हाय."