मारेकरी न्हाईत

डॉक्टरनं माझ्या बायकोला कुशीवर वळवलं, लुगडं कमरेखाली वढलं आन् भवतीच्या दहा-बारा शिकाऊ डॉक्टरांस्नी तिच्या कुल्ल्यावरचं सुईचं भोक दावलं. मी पायथ्याला हुतो. मला बाहेर जा बी कुणी म्हटलं न्हाई. म्हंजे मी तितं न्हवतोच.

"हिच्या हाडातला मगज काढून बघितला," त्यो म्हणाला. "मारेकरी पेशी पिकलेल्याच नाहीत."

नव्वद सालाच्या पुढंमागं. शेवंताला सालभर नागीण उठत हुती. एक वाळली की दुसरी. मग ताप. मग धाप. अणशीच्या रानातनं मी तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणलेली. तिला झालंय काय, एवढंच कळाय पायजे हुतं. मारेकरी न्हाईत आयकलं आन् मी हरखलो. वाकून तिला म्हटलं, "बरं झालं गं. मारेकरी न्हाईत म्हणं तुझ्यात."

"मग चला की घरला," ती हसली.

समदी खो खो हसली. डॉक्टर डोळं पुसत म्हणाला, "अरे वा! मग पेढे वाट की, जोयडा." मला तालुक्याच्या नावानंच हाक मारायचा.

शेवंता बी हसत हुती. तिला वाटलं, ती बरी हुणार म्हणून हसत्यात.

मागनं नर्सअक्कानं मला जिन्यात गाठलं. "मामा, ते मारेकरी आपलेच. हाडाच्या मगजात जन्मतात, पण कच्चे. पिकता पिकता आपलं कोण, परकं कोण ओळखायला शिकतात. मग रक्तात फिरून रोग शिरलेली पेशी मारतात. मावशीचे कच्चेच राहिले."

लोंबी येती, दाणा भरत न्हाई. मला दोन मिंटात कळलं. डॉक्टरला बी सांगाय दोनच मिंटं लागली असती.

दुसऱ्या दिशी त्यो परत सुई घिऊन आला. बघाय नवी पोरं. "ए, धर तिला."

मी लुगडं वर वढलं आन् आडवा हुबा ऱ्हायलो. "सुईनं बरी हुणार काय?"

"तुला समजून काय करायचंय?"

"बरी हुणार काय?"

"नाही."

"मग सुई बी न्हाई."

"घेऊन जा. मरू दे रानात."

नेली. वाटंत समदं सांगितलं. रडली न्हाई. "म्हंजे काल ती समदी आपल्याला हसली," एवढंच बोलली. नवव्या दिशी गेली.

आता गावातलं कोण बी दवाखान्यात निघालं की मी संगं जातो. डॉक्टर अंगठा उठवाय कागद फुडं करतो. मी दुखणेकऱ्याचा अंगठा मुठीत धरतो. "आधी आमच्या बोलीत सांगा." चिडत्यात. चिडू द्यात. कळल्याबिगर एक बी अंगठा कागदाला लागू देणार न्हाई.